पेशीतली गंधकाची फुगडी

(वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन. प्रश्नोत्तरांपैकी दोन प्रश्न शेवटी घेतले आहेत.)

नमस्कार मंडळी.

तुमच्यापैकी काहींच्या घरी फ्रीजमध्ये इन्सुलिनची बाटली असेल. साधं, लवकर काम करणारं इन्सुलिन पाण्यासारखं नितळ दिसतं. प्रयोगशाळेत हे इन्सुलिन काचेच्या छोट्या चौकोनी नळीत घ्यायचं, त्यात एका प्रथिनाचे दोन-चार थेंब टाकायचे आणि त्या प्रथिनाला इलेक्ट्रॉन पुरवणारं एक रसायन घालायचं. काही मिनिटं काहीच होत नाही. मग नळीत धुकं उतरल्यासारखं होतं आणि बघता बघता नितळ पाण्याचं ताक होतं. मी जवळजवळ तीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं. हा प्रयोग दर वर्षी करून दाखवला, आणि ते पांढरं होणं बघायला दर वर्षी मीच सगळ्यांच्या पुढे उभी असायचे.

ते थेंब थायोरेडॉक्सिनचे. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

नळीत नेमकं काय झालं? इन्सुलिन म्हणजे अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, एक २१ मण्यांची, दुसरी ३० मण्यांची. या साखळ्या एकमेकींना धरून राहतात त्या गंधकाच्या दोन बंधांमुळे. थायोरेडॉक्सिनने ते बंध सोडवले. साखळ्या सुट्या झाल्या, आणि त्यातली मोठी साखळी एकटी पाण्यात विरघळून राहू शकत नाही, म्हणून तिचा साका झाला. आर्ने होल्मग्रेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९७९ साली या गढूळपणाचं मोजमाप करण्याची पद्धत मांडली. थायोरेडॉक्सिन काम करतंय की नाही हे पाहायला ती अजूनही वापरतात.

आता गंधकाचा बंध म्हणजे काय, हे सांगायला मला फुगडीइतकं चांगलं चित्र दुसरं सापडलेलं नाही. प्रथिनाच्या साखळीत सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्याच्या टोकाला गंधकाचा अणू, आणि त्या गंधकाला लागून हायड्रोजन. हा त्याचा मोकळा हात. दोन सिस्टीन जवळ आले आणि त्यांच्यातले दोन इलेक्ट्रॉन हायड्रोजनसकट कुणी काढून नेले, की ते दोन गंधक एकमेकांचे हात घट्ट धरतात. याला आपण ऑक्सिडीकरण म्हणतो. इलेक्ट्रॉन परत दिले की हात सुटतात. याला पाठ्यपुस्तकात क्षपण म्हणतात. हा शब्द मला कधीच आवडला नाही. त्यात क्षय ऐकू येतो, आणि प्रत्यक्षात तिथे इलेक्ट्रॉनची भर पडत असते. म्हणून आज मी ‘हात धरणं’ आणि ‘हात सुटणं’ असंच म्हणणार आहे. तुमच्या केसांतलं केराटिन असेच लाखो हात धरून उभं असतं. पार्लरमध्ये केस सरळ किंवा कुरळे करून घेताना आधी हे हात रसायनाने सोडवतात, केसांना हवा तसा आकार देतात आणि मग पुन्हा धरायला लावतात.

पेशीच्या आत मात्र बहुतेक प्रथिनांचे हात मोकळे लागतात. आणि पेशीत ऑक्सिजन आहे, त्यापासून सतत तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. त्यामुळे हात नको तिथे धरले जातात. ते सोडवणारं कुणीतरी हवं. थायोरेडॉक्सिन हे काम कसं करतं ते पाहा. जिवाणूतलं थायोरेडॉक्सिन अवघ्या १०८ अमिनो आम्लांचं, माणसातलं १०५ चं. प्रथिनांच्या दुनियेत हे अगदी लहान. त्याच्या पृष्ठभागावर एका ठिकाणी चार अमिनो आम्लांची ठरलेली ओळ असते: सिस्टीन, ग्लायसीन, प्रोलीन, सिस्टीन. जिवाणू घ्या, ज्वारी घ्या, माणूस घ्या, ही ओळ तीच. म्हणजे त्याचेही दोन मोकळे हात, अगदी शेजारी शेजारी. समोर दोन गंधक फुगडी घालताना दिसले की थायोरेडॉक्सिन आपला पहिला हात त्यातल्या एकाला देतं. त्या क्षणी जुनी पकड सुटते, पण आता थायोरेडॉक्सिनच त्या प्रथिनाला अडकलेलं असतं. लगेच त्याचा दुसरा हात पुढे येतो, पहिल्याला धरतो आणि समोरचं प्रथिन मोकळं होतं. थायोरेडॉक्सिन आपलेच दोन हात एकमेकांत गुंतवून बाजूला होतं.

म्हणजे दुसऱ्याची फुगडी सोडवताना ते स्वतः हात बांधून बसलं. पुढच्या कामासाठी त्याला कुणीतरी सोडवायला हवं. ते काम थायोरेडॉक्सिन रिडक्टेज या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं. रिडक्टेजला इलेक्ट्रॉन मिळतात एनएडीपीएच या रेणूकडून, आणि एनएडीपीएचला मिळतात मुख्यतः ग्लुकोज मोडताना. दुपारी खाल्लेल्या भाकरीतले इलेक्ट्रॉन असे हातोहात जात जात शेवटी एखाद्या प्रथिनातल्या दोन गंधकांपर्यंत पोचतात. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, ती वाटी तिसऱ्या घरी जावी, तसा हा व्यवहार. आणि तो थांबून चालत नाही. मला आज जे सांगायचं आहे ते हेच, की पेशीचं आरोग्य या उसनवारीच्या वेगावर उभं आहे. ‘ऑक्सिडीकरण वाईट आणि ते रोखणारं चांगलं’ असं जे आपल्या मनावर जाहिरातींनी ठसवलं आहे, त्याने हा विषय समजत नाही आणि कधीकधी नुकसानही होतं. तिकडे मी येईनच.

थायोरेडॉक्सिन सापडलं ते मात्र या सगळ्याचा विचार करताना नव्हे. स्वीडनमध्ये पेटर रायखार्ड डीएनएच्या विटा कशा बनतात याचा शोध घेत होते. पेशीत आधी आरएनएच्या विटा बनतात आणि त्यांतला एक ऑक्सिजन काढून डीएनएच्या विटा होतात. ते करणाऱ्या विकराला दर विटेमागे दोन इलेक्ट्रॉन लागतात. ते कोण देतं? १९६४ साली रायखार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एश्चेरिशिया कोलाय या जिवाणूतून तो दाता वेगळा काढला आणि त्याला थायोरेडॉक्सिन हे नाव दिलं. थायो म्हणजे गंधक. हिशेब करून पाहा. माणसाची एक पेशी दुभंगायची तर तिला बाराशे कोटींहून जास्त विटा नव्याने रचाव्या लागतात. आपण इथे बसलो आहोत तेवढ्या वेळात आपल्या अस्थिमज्जेत किती पेशी दुभंगल्या असतील याची कल्पना करा.

होल्मग्रेन हे त्याच गटातले. १९६८ मध्ये त्यांनी या प्रथिनाची अमिनो आम्लांची ओळ वाचली, १९७५ मध्ये सहकाऱ्यांसह त्याचा आकार स्फटिकातून उलगडला. मग एक पेच आला. थायोरेडॉक्सिन नसलेला जिवाणू मिळाला, आणि तो जगत होता, डीएनए बनवत होता. पहिला दाता नाही तर दुसरा असणार, या सरळ विचाराने त्यांनी १९७६ मध्ये ग्लुटारेडॉक्सिन शोधलं. जिवाणूला अशी दोन दारं आहेत. एक बंद पडलं तर दुसरं आहे. सस्तन प्राण्याला मात्र ही सवलत नाही. १९९६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी थायोरेडॉक्सिनचं जनुक काढून टाकलेले उंदीर बनवायचा प्रयत्न केला. एकही पिल्लू जन्माला आलं नाही. गर्भ अगदी सुरुवातीलाच संपले. आपल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, थायोरेडॉक्सिनचा वेगळा दुसरा प्रकार असतो. तो काढला तरी तेच झालं.

इथे थोडं शेतात जाऊ या, कारण मला वाटतं की हा व्यवहार सगळ्यात देखणा दिसतो तो पानात. वनस्पतीच्या हरितलवकात सूर्यप्रकाशामुळे इलेक्ट्रॉन सुटतात. त्यातले काही फेरेडॉक्सिन या दुसऱ्या प्रथिनामार्फत थायोरेडॉक्सिनकडे येतात. बर्कलीमधले बॉब ब्युकॅनन यांनी याच साखळीवर सारं आयुष्य घालवलं. साखर तयार करणाऱ्या काही विकरांचे हात रात्री धरलेले असतात, म्हणजे ती बंद असतात. सकाळी ऊन पडलं की थायोरेडॉक्सिन त्यांचे हात सोडवतं आणि कारखाना सुरू होतो. संध्याकाळ झाली की हात पुन्हा धरले जातात. अंधारात साखर बनवायचा व्यर्थ खटाटोप टळतो. आणि यातलं जे विकर अगदी बारकाईने अभ्यासलं गेलं, ते आहे आपल्या ज्वारीच्या पानातलं मॅलेट डिहायड्रोजनेज. फ्रान्स आणि स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये त्याचा आकार प्रसिद्ध केला आणि हात धरलेले असताना ते बंद का राहतं हे दाखवलं. सोलापूरच्या रानात हुरड्याला आलेली ज्वारी रोज सकाळी हेच करत असते.

धान्याला मोड येतानाही हेच. जव आणि गव्हाच्या दाण्यांत साठवलेली प्रथिनं गंधकाच्या बंधांनी गच्च आवळलेली असतात, म्हणून ती वर्षभर टिकतात. दाणा भिजला की थायोरेडॉक्सिन ते बंध सोडवतं, प्रथिनं विरघळतात आणि कोंबाला खाऊ मिळतो.

आता पाहा, पानात ‘हात धरलेले’ ही काही आजाराची अवस्था नव्हती. तो निरोप होता: रात्र झाली, थांबा. आपल्या पेशीतही तसंच आहे, आणि हे समजायला विज्ञानाला बराच काळ लागला. हायड्रोजन पेरॉक्साइड हा फक्त कचरा नाही. २००९ मध्ये झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लांवर एक सुंदर प्रयोग झाला. त्यांच्या शेपटीला बारीकशी जखम केली, तर काही मिनिटांत जखमेच्या कडेला हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं आणि ते पसरत गेलं. पांढऱ्या पेशी त्या दिशेने धावत आल्या. पेरॉक्साइड तयारच होऊ दिलं नाही, तर त्या येत नव्हत्या. म्हणजे जखमेची हाक पेरॉक्साइडच पोचवत होतं. मात्र हाक ऐकू गेल्यावर ती थांबवावीही लागते. पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाची प्रथिनं पेरॉक्साइडचं पाणी करतात. ते करताना त्यांच्या गंधकांचे हात धरले जातात, आणि ते सोडवायला पुन्हा थायोरेडॉक्सिन.

थायोरेडॉक्सिन स्वतःही निरोप्या आहे. पेशीत आस्क-वन नावाचं एक प्रथिन असतं. ते जागं झालं की पेशी मरणाचा मार्ग धरते. १९९८ मध्ये जपानमध्येच असं दिसलं की मोकळ्या हातांचं थायोरेडॉक्सिन या आस्क-वनला धरून बसलेलं असतं आणि त्याला उठू देत नाही. पेशीवर ऑक्सिडीकरणाचा मारा वाढला, की थायोरेडॉक्सिनचे हात एकमेकांत गुंततात. मग त्याच्याकडे आस्क-वनला धरायला हात उरत नाही. ते निसटतं आणि पेशी मरते. शिकवताना मी इथे नेहमी थांबत असे. पेशीने ‘आता मी जगू शकत नाही’ हे ओळखायचं कसं, या फार मोठ्या प्रश्नाचं उत्तर एवढ्या साध्या यंत्रात आहे: सोडवणाऱ्याचेच हात मोकळे आहेत की नाहीत.

इथून आपण मधुमेहाकडे येतो.

१९९४ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना ड जीवनसत्त्व दिल्यावर एक प्रथिन वाढलेलं दिसलं. पुढे कळलं की ते थायोरेडॉक्सिनला चिकटतं. म्हणून त्याचं नाव थायोरेडॉक्सिन इंटरॅक्टिंग प्रोटीन, आणि बोलताना सगळे टिक्सनिप म्हणतात. आपल्या फुगडीत सांगायचं, तर टिक्सनिप थायोरेडॉक्सिनचा पहिला हातच पकडून ठेवतं. एक हात अडकला की पुढचं सगळं काम अडलं. आणि टिक्सनिप कशाने वाढतं? ग्लुकोजने. रक्तातली साखर चढली की स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत टिक्सनिप चढतं. ते तंतुकणिकांत जाऊन तिथल्या थायोरेडॉक्सिनला पकडतं, आस्क-वन मोकळं सुटतं आणि बीटा पेशी मरतात. इन्सुलिन बनवणाऱ्या याच पेशी. त्या कमी झाल्या की साखर आणखी चढते, टिक्सनिप आणखी वाढतं. मधुमेह बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला तर तो का बळावत जातो, याचं एक कारण या चक्रात आहे. एकमेव कारण नव्हे, पण ठोस कारण.

अमेरिकेत अलाबामामध्ये अनाथ शालेव्ह यांनी या चक्रावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना दिसलं की व्हेरापामिल हे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध बीटा पेशींतलं टिक्सनिप कमी करतं. मधुमेह झालेल्या उंदरांना फायदा झाला. २०१८ मध्ये नुकताच टाइप वन मधुमेह झालेल्या प्रौढांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. २०२३ मध्ये मुलांची चाचणी आली. ७ ते १७ वयाची ८८ मुलं, आजाराचं निदान नुकतंच झालेलं. वर्षभराने व्हेरापामिल घेणाऱ्या मुलांत सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय त्याची खूण, दुसऱ्या गटापेक्षा ३० टक्के जास्त होतं. इन्सुलिनची सुई सुटली का? नाही. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना मी कळकळीने सांगते, हे औषध हृदयाच्या ठोक्यांवर काम करतं, ते मनाने सुरू करायचं नाही. पण एका जिवाणूतल्या चिमुकल्या प्रथिनापासून निघालेली वाट मुलांच्या स्वादुपिंडापर्यंत पोचली, हे मला फार मोलाचं वाटतं. रायखार्डना १९६४ मध्ये ‘याचा उपयोग काय’ असं कुणी विचारलं असतं, तर त्यांच्याकडे हे उत्तर नसतं.

कर्करोगात गोष्ट उलटी फिरते. जपानच्या नैर्ऋत्य भागात एका विषाणूमुळे टी पेशींचा रक्ताचा कर्करोग होतो. क्योटोमध्ये जुंजी योदोई आणि त्यांचे सहकारी या रोगग्रस्त पेशींनी आजूबाजूच्या द्रवात सोडलेला एक पदार्थ शोधत होते. १९८९ मध्ये त्याचं जनुक हाती आलं, ओळ वाचली, तर ते माणसाचं थायोरेडॉक्सिन निघालं. त्यानंतर किती तरी प्रकारच्या गाठींमध्ये थायोरेडॉक्सिन आणि त्याचं रिडक्टेज वाढलेलं सापडलं. त्याचा अर्थ लागतो. कर्करोगाची पेशी घाईने वाढते, तिच्यात पेरॉक्साइड जास्त बनतं, तिला डीएनएच्या विटा जास्त लागतात. म्हणून ती याच पहारेकऱ्याला जास्त संख्येने कामाला लावते. निरोगी पेशीला बिघडू न देणारं प्रथिन बिघडलेल्या पेशीलाही जपतं. त्याला चांगलं-वाईट कळत नाही. ते फक्त हात सोडवतं.

मग या यंत्रणेला अडवून गाठ मारता येईल का? अडवायची जागा आहे ती रिडक्टेजमध्ये, आणि त्यासाठी सेलेनियमची गोष्ट सांगायला हवी. प्रथिनं २० अमिनो आम्लांची बनतात असं आपण शाळेत शिकतो. एकविसावं आहे: सेलेनोसिस्टीन, ज्यात गंधकाच्या जागी सेलेनियम असतं. आपल्या जनुकांच्या भाषेत ‘यूजीए’ ही तीन अक्षरं म्हणजे पूर्णविराम. पण काही निवडक ठिकाणी पेशी त्या पूर्णविरामावर थांबत नाही, तिथे सेलेनोसिस्टीन बसवते आणि पुढे वाचते. माणसाच्या जनुकसंचात अशी फक्त २५ जनुकं आहेत. १९९६ मध्ये अमेरिकेत थ्रेसा स्टॅडमन आणि ताकाशी तामुरा यांना मानवी थायोरेडॉक्सिन रिडक्टेजमध्ये हे सेलेनियम सापडलं, अगदी शेपटीच्या टोकाला. तोच त्याचा काम करणारा हात, फार चपळ आणि म्हणूनच फार नाजूकही. पारा, आर्सेनिक, सोनं हे जड धातू त्याला चटकन चिकटतात. पाऱ्याच्या विषबाधेत जी हानी होते तिचा एक भाग इथे आहे.

सेलेनियम कमी पडलं तर? चीनच्या ईशान्येकडच्या केशान परगण्यात १९३५ पासून हृदयाचा स्नायू निकामी होणारा एक आजार नोंदला गेला. लहान मुलं आणि तरुण स्त्रिया जास्त दगावत. तिथल्या मातीत सेलेनियम जेमतेम. १९७० च्या दशकात सोडियम सेलेनाइट दिल्यावर आजार झपाट्याने कमी झाला. पुढे तंतुकणिकांतलं रिडक्टेज काढलेल्या उंदरांचे गर्भही हृदयाच्या पातळ भिंती घेऊन पोटातच मेले. आणि जास्त झालं तर? प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम पुरतं आणि ४०० च्या पुढे जाऊ नये असं मानतात. इतकी अरुंद वाट फार थोड्या पोषकद्रव्यांची आहे. २०२५ च्या सुरुवातीला बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावोगावी लोकांचे केस अचानक गळून टक्कल पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तपासलेल्या नमुन्यांत सेलेनियम खूप वाढलेलं आढळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि बाहेरून आलेल्या गव्हाकडे बोट दाखवलं. पंजाबात होशियारपूर, नवांशहर भागात सेलेनियमने भरलेल्या जमिनी आहेत हे मृदाशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे. शेगावकडच्या त्या गावांतल्या शाळकरी मुलींनी डोक्याला ओढणी गुंडाळून बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर ‘सेलेनियम हे उत्तम अँटिऑक्सिडंट’ हे वाक्य त्याच्या तोंडून सहज निघणार नाही.

सोन्याचं म्हणाल, तर ऑरॅनोफिन नावाचं एक औषध आहे. त्यात सोन्याचा अणू असतो. संधिवातासाठी १९८५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आता ते त्या रोगात फारसं वापरत नाहीत. पण ते रिडक्टेजच्या सेलेनियमला घट्ट धरतं हे कळल्यावर त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेलं. कर्करोगात त्याच्या चाचण्या झाल्या आहेत, अजून हाती मोठं यश नाही. परजीवींमध्ये मात्र चित्र आशादायक आहे. मघाच्या ग्लुटारेडॉक्सिनला इलेक्ट्रॉन देतो तो ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू, आणि आव पाडणारा अमीबा तो बनवतच नाही. त्याचं दुसरं दार बंदच आहे, सगळी भिस्त थायोरेडॉक्सिनवर. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की प्रयोगशाळेतल्या बशीत ऑरॅनोफिन या अमीबावर मेट्रोनिडाझोल या नेहमीच्या औषधाच्या दसपट प्रभावी ठरतं. शिस्टोसोमा या रक्तातल्या कृमीचंही तसंच. दोन विकरांची कामं त्याच्यात एकच विकर करतं, ते अडवलं की कृमी मरतो. हा कृमी आफ्रिकेतला म्हणून आपण सोडून देतो, पण १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याच्या मूत्रमार्गाच्या आजाराचं केंद्र सापडलं होतं. लघवीतून रक्त जाणारी माणसं, आणि ओढ्यातली एक बारीकशी गोगलगाय. भारताच्या वैद्यकाच्या इतिहासातलं हे पान कोकणातल्याही फार थोड्या लोकांना माहीत आहे. सोन्याच्या या औषधाचं ऐकून कुणी सोनं पोटात घेऊ नये. रिडक्टेज आपल्यातही आहे, आणि ऑरॅनोफिन घेणाऱ्यांना जुलाब हा नेहमीचा त्रास होतो.

वार्धक्याविषयी थोडंच बोलते. २००२ मध्ये जपानी गटाने जास्त थायोरेडॉक्सिन बनवणारे उंदीर तयार केले, ते सरासरीने जास्त जगले. वर्तमानपत्रांना हे पुरेसं होतं. नंतर टेक्सासमध्ये असे उंदीर पुन्हा काळजीपूर्वक पाळले, तेव्हा दिसलं की आयुष्याच्या पहिल्या टप्प्यात मृत्यू कमी झाले, पण कमाल आयुष्य वाढलं नाही. म्हातारपणी नुसती संख्या वाढवून भागत नाही.

आता प्रश्न घेऊ या.

पहिली चिठ्ठी एका ताईंची आहे: “मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात की नाही? आमचे डॉक्टर काही बोलत नाहीत, दुकानदार मात्र देतो.”

ताई, दुकानदाराकडून घेऊ नका. हे मी मोघम सांगत नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतल्या पस्तीस हजारांवर पुरुषांच्या चाचणीत सेलेनियमने प्रोस्टेटचा कर्करोग टळला नाही, आणि ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो १७ टक्के वाढला. २०१४ मध्ये स्वीडनमध्ये फुप्फुसाची गाठ असलेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व आणि एन-ॲसिटिलसिस्टीन ही अँटिऑक्सिडंट दिली, तर गाठी जास्त वेगाने वाढल्या. मघाशी मी म्हटलं, कर्करोगाची पेशी स्वतःच्या पेरॉक्साइडमुळे अडचणीत असते. आपण बाहेरून तिची अडचण दूर केली. थायोरेडॉक्सिन गोळीतून मिळत नाही, पेशी ते स्वतः बनवते, आणि त्याला लागणारे इलेक्ट्रॉन साध्या जेवणातून येतात. साखर आटोक्यात ठेवलीत तर टिक्सनिप आटोक्यात राहतं. तुम्हाला खरोखर काही कमी आहे असं तपासणीत निघालं, तर डॉक्टर देतील ते जरूर घ्या.

आणि हा मागच्या रांगेतला, अकरावीतला मुलगा विचारतोय: “लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं. मग तिथलं थायोरेडॉक्सिन खराब झालं तर नवीन कोण बनवतं?”

कुणीच नाही, बाळा. फार चांगला प्रश्न विचारलास. लाल पेशी १२० दिवस जगते, आणि जन्मताना सोबत आणलेल्या प्रथिनांवरच तिला तेवढे दिवस काढावे लागतात. सोबतीला रात्रंदिवस ऑक्सिजन. म्हणून ती पेरॉक्सिरेडॉक्सिन भरपूर घेऊन निघते. हिमोग्लोबिन पहिलं, कार्बोनिक ॲनहायड्रेज दुसरं आणि त्याखालोखाल हे. तिच्यात तंतुकणिकाही नाहीत, त्यामुळे एनएडीपीएच मिळवायची तिची एकच वाट, आणि त्या वाटेच्या तोंडाशी जी-सिक्स-पीडी नावाचं विकर. ज्यांच्यात ते जन्मतः कमी असतं, त्यांची एरवी काही तक्रार नसते. पण हिवतापासाठी प्रायमाक्विन दिलं की उसनवारी एकदम अडते, लाल पेशी फुटतात, लघवी काळपट होते. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत हे बरंच आढळतं, म्हणून ते औषध देण्याआधी एक साधी रक्ततपासणी करतात.

आणि तुला एक आणखी सांगते. २०११ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी निरोगी माणसांचं रक्त काढलं, लाल पेशी वेगळ्या केल्या आणि अंधारात, एकाच तापमानाला ठेवल्या. जनुकं नाहीत, ऊन नाही, शरीर नाही. दर काही तासांनी त्यांनी पेरॉक्सिरेडॉक्सिन तपासलं. त्याचं ऑक्सिडीकरण चोवीस तासांच्या लयीत वर-खाली होत होतं, काही दिवस, न चुकता.